गडग्याला तार लावलेली नाही

आंबोली, २८ मे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, कौलं परतून झाली. फुटकी बरीच निघाली, त्यातली जास्त गोठ्याच्या बाजूची. वांदरांची उडी नेमकी तिथेच पडते. पडवीला झड या वर्षी ताडपत्रीची लावलीय. दिसायला भिकार आहे, पण झावळ्या विणून देणारं माणूस आता मिळत नाही. आपल्याकडच्या सात हजार मिलिमीटर पावसापुढे ती किती तग धरते बघू. लाकडं माळ्यावर गेली.

आई, वळवाने आमसुलांचा घोळ केला. शेवटचं पुट द्यायचं राहिलं होतं आणि दुपारीच सर आली. सूप उचलून आत पळवलं, आता चुलीवरच्या धुराला ठेवलीत. रंग काळपट आलाय, वास मात्र तुझ्या आमसुलांसारखाच.

आता गव्यांचं. खालच्या अंगाला दगडांचा गडगा पुन्हा ढासळला. सकाळी दार उघडलं तर मोठा नर पलीकडे उभा, पायांत ते पांढरे मोजे, आणि मागे माद्या-वासरं. मी कडी लावून खिडकीतून बघत बसले. बाबा, तुम्ही काटेरी तार म्हणता, ती मी लावणार नाही. हजार किलोपर्यंत भरणारं जनावर तारेला जुमानत नाही; फाटतात ती वासरं, आणि बिथरलेला कळप मग वाफ्यांतूनच धावतो. गवा गडगा पाडायला येत नाही, फणसाला येतो. खालच्या झाडाचे फणस पिकून फुटले होते, वास पार ओढ्यापर्यंत जात होता. म्हणून हाताला येतील ते सगळे उतरवले. बरके शेजारी वाटले, काप्याचे गरे तळले, आठळ्या मातीत घोळून ठेवल्या. आता पडलेला फणस संध्याकाळच्या आत उचलते. गवे अजून येतात, पण ओढ्याकाठच्या गवतावरून परस्पर वर जातात. गडगा तेवढा नुसताच रचून घेतलाय.

शेंड्याचे फणस शेकरासाठी सोडलेत. (उतरवायला वर चढणारं कोणी नाही, हेही खरं.) ती आडवी फांदी छाटायचं तुमच्या मनात आहे, पण तिच्यावर घरटं आहे. शेकरू एकापेक्षा जास्त घरटी बांधतं, एक गेलं तर काय, असं तुम्ही म्हणाल. पिल्लू कुठल्या घरट्यात आहे ते खालून कसं कळणार? फांदी दिवाळीनंतर बघू.

शेणखताचा खड्डा उपसताना देवगांडूळ निघालं. गडी सापच समजून फावडं उगारत होता, कसाबसा हात धरला. गांडूळ म्हणावं तर तोंडात जबडा, साप म्हणावं तर अंगभर वळ्या. आहे ते बेडकांच्या गोतावळ्यातलं. ओल्या कुजक्या मातीत राहतं, म्हणजे आपलं खत चांगलं मुरलंय. त्याला अळवाच्या बुडाशी सोडलं आणि पातेराही या वर्षी जाळला नाही, सुरणाच्या आळ्यांत पसरला. तुम्हाला हे पटायचं नाही. घराभोवती मात्र झाडून लख्ख ठेवलंय, फुरशाची भीती मलाही आहेच. करवंदीच्या जाळीत एक चापडा वेटोळं घालून बसलाय, हलायचं नाव नाही. त्या बाजूची करवंदं यंदा त्याची.

काजवे सुरू झालेत. अंगणातला दिवा रात्री बंद ठेवते, म्हणून फोन केलात आणि मी चाचपडत असले तर घाबरू नका.

बाबा, गुडघ्याचे व्यायाम चुकवता असं आई सांगते. चतुर्थीला न्यायला येईन; वरच्या वाफ्यापर्यंत स्वतः चढायचं आहे, मी उचलून नेणार नाही. आणि आई, हळदीचं बियाणं कुठे ठेवलंस? कोठीत नाही, माळ्यावरच्या मडक्यातही नाही. मृग लागायच्या आत लावायचीय, आठवलं की लगेच कळव.

तुमची,
धाकटी