अँबॅसेडरमध्ये बसवलेल्या डिझेल इंजिनाच्या अर्धवट कामाबाबत तक्रार

बडोदे, दि. ९ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मकरपुरा औद्योगिक वसाहत, बडोदे.

विषय : १९७२ सालच्या अँबॅसेडर मार्क २ मधील इंजिनबदलाचे अपुरे काम, आणि गाडीचे मूळ इंजिन परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्या वडिलांची वरील गाडी मी ११ मार्च रोजी आपल्या कारखान्यात आणून दिली आणि २४ ऑगस्टला परत नेली. तिच्यातले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी इनोव्हातले २४९४ सीसीचे कॉमन रेल (फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या पद्धतीचे) डिझेल इंजिन, त्याच्याच पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह, बसवून द्यायचे असे ठरले होते. कोटेशन ४,८५,००० रुपयांचे होते व त्यापैकी ४,२०,००० रुपये मी चेकने दिलेले आहेत. गाडी आजपर्यंत जेमतेम ६४० किलोमीटर चालली असून गेले सात आठवडे ती दांडिया बाजारातल्या आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. आपली पहिली बोलणी मराठीत झाली होती, म्हणून तक्रारही मराठीतच करीत आहे.

इंजिनाच्या निवडीबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. जुन्या इंजिनाची ताकद साधारण ५० अश्वशक्ती, याची १०२. शिवाय इनोव्हाही मागच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स अँबॅसेडरमध्ये सरळ रेषेत बसतात, हे आपले सांगणे बरोबर होते. माउंटिंगचे वेल्डिंगही स्वच्छ आहे. माझी तक्रार इंजिनाभोवतीच्या, बॉनेट उघडल्यावर चटकन नजरेत न भरणाऱ्या कामाबद्दल आहे.

२० ऑक्टोबर रोजी, रविवारी, मी, पत्नी आणि माझी ७८ वर्षांची आई पावागडला निघालो होतो. चांपानेर सोडून माचीचा चढ लागताच इंजिनाने जोर सोडला, डॅशबोर्डवरचा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. कशीबशी माचीपर्यंत पोचलो. दुसऱ्या दिवशी कारेलीबागेतल्या ज्या मेकॅनिकला गाडी दाखवली, त्याने माझ्यासमोर डिझेल फिल्टर उघडून त्यातले डिझेल पांढऱ्या फडक्यावर ओतले. डिझेल निथळून गेले आणि फडक्यावर विटेच्या भुकटीसारखा तांबडा थर राहिला. तो गंज टाकीतला होता. कोटेशनच्या तिसऱ्या ओळीत ‘नवीन टाकी, पाणी वेगळे करणारा फिल्टर व परतीची नळी’ असे स्पष्ट लिहिलेले असताना, बावन्न वर्षे पेट्रोल साठवलेली जुनीच टाकी बाहेरून काळा रंग मारून परत चढवलेली आहे. कॉमन रेल पंप लागते त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेले गरम डिझेल टाकीत परत पाठवतो. ही परतीची नळी आपल्या लोकांनी टाकीच्या तोंडापाशीच सोडलेली असल्याने वरून पडणारी धार गंज सतत ढवळत राहिली. जुन्या कार्ब्युरेटरने असला कचरा वर्षानुवर्षे खपवून घेतला असता. हजार बारच्या वर दाब सोसणाऱ्या, मायक्रॉनच्या फटींवर चालणाऱ्या इंजेक्टरांना (डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना) तो खपत नाही, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. चारपैकी दोन इंजेक्टर बदलावे लागतील असे तपासणीत निघाले आहे.

याहून गंभीर गोष्ट उतरताना घडली. माचीहून खाली येताना ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट लागत होते. दोन्ही पायांनी दाबून, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढत मी गाडी खाली आणली. आईने सारा वेळ समोरच्या सीटची पाठ धरून ठेवली होती आणि एक शब्द बोलली नाही. कोटेशनमध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि बूस्टर (व्हॅक्यूमच्या, म्हणजे निर्वाताच्या, मदतीने पायाचा जोर वाढवणारे उपकरण) होते. दोन्ही बसवलेले आहेत, मात्र बूस्टरची रबरी नळी इंजिनाच्या व्हॅक्यूम पंपाला जोडलेलीच नाही. तिच्या मोकळ्या तोंडात एक बोल्ट खुपसून वरून क्लिप आवळलेली आहे. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) जो व्हॅक्यूम आपोआप मिळतो, तो डिझेलमध्ये मिळत नाही, म्हणून तर हा पंप असतो. डिस्क ब्रेकला पेडलवर जोर अधिक लागतो, तेव्हा बंद नळीचा हा बूस्टर पूर्वीच्या साध्या ड्रम ब्रेकपेक्षाही वाईट ठरला. त्या बोल्टचा फोटो सोबत जोडला आहे. तो कोणी बसवला, हे मला लेखी कळायला हवे.

‘आरटीओचं आम्ही बघून घेऊ’ असे आपल्या कार्यालयात मला दोनदा सांगण्यात आले होते. आजही आरसी पुस्तकात पेट्रोल आणि जुनाच इंजिन नंबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि परवानगीसाठी अर्ज केल्याची एकही पावती आपण दाखवू शकला नाहीत. जुलै २०२१ मधील नियमदुरुस्तीप्रमाणे ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण तिचा सांगाडा, बॉडी वा इंजिन बदललेले असता कामा नये. म्हणजे माझी गाडी मार्चमध्ये त्या नोंदणीस पात्र होती आणि ऑगस्टमध्ये राहिली नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता, तो पाहूनच ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचे मी मनावर घेतले होते. ही चौकशी मी स्वतः आधी करायला हवी होती, हे मान्य आहे. पण हाच व्यवसाय करणाऱ्यांनी ती गोष्ट ग्राहकाला सांगू नये, हे मला पटत नाही.

म्हणून गाडी मला पूर्ववत करून हवी आहे. आपण स्वखर्चाने ती उचलून न्यावी, मूळ इंजिन व चार गिअरचा गिअरबॉक्स परत बसवावा आणि डिझेल इंजिन ठेवून घेऊन ४,२०,००० रुपये परत करावेत. डिस्क ब्रेक ठेवायचे की काढायचे, ते समक्ष ठरवू. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

मूळ इंजिनाबद्दल दोनदा फोन केला, तेव्हा एकदा ‘गोडाऊनमध्ये आहे’ आणि एकदा ‘बघावं लागेल’ असे उत्तर मिळाले. ते भंगार नव्हे. ब्लॉकवर कोरलेला त्याचा नंबर आरसी पुस्तकात आहे आणि दुसरे कुठलेही इंजिन आणून दिल्यास मी ते स्वीकारणार नाही. तो नंबर वाचता येईल असा, इंजिनाचा आजच्या तारखेचा फोटो तीन दिवसांत पाठवावा.

आपला,
(सही)
गाडीमालक, दांडिया बाजार, बडोदे