न घेतलेल्या इंजेक्शनांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

स.न.वि.वि.

गेल्या श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीत ओल्या दगडावरून माझा पाय घसरला आणि गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावरची रुपयाएवढी कूर्चा, म्हणजे हाडावरचे गुळगुळीत आवरण, निघाली. पुढची दुर्बिणीतून झालेली शस्त्रक्रिया आणि सहा आठवड्यांच्या कुबड्या आपण जवळून पाहिल्या आहेत. आपण शिकवलेल्या व्यायामाचे आभार मी दर भेटीत मानतच असे. हे जाहीर पत्र मात्र दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातील एका संध्याकाळसाठी आहे.

शहरातील एका ठिकाणी मला सांगण्यात आले होते की, शस्त्रक्रियेनंतर मूलपेशींची (ज्यांपासून इतर पेशी बनू शकतात अशा पेशींची) इंजेक्शने घेतली तर कूर्चा पहिल्यासारखी उगवून येते. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडायचे मी ठरवले होते आणि केवळ 'कधी सुरू करू' एवढेच विचारायला आपल्याकडे आलो होतो. आपण ती कल्पना हसून उडवली नाही, याचे मला आजही अप्रूप वाटते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती आपणहून भरून येत नाही, म्हणून शल्यचिकित्सक खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात. त्यांतून मज्जेतील पेशी वर येतात आणि खड्डा भरतो, पण भरतो तो मूळच्या गुळगुळीत कूर्चेऐवजी बहुधा तंतुमय ऊतीने. ही भर सुधारावी म्हणून मूलपेशी देऊन पाहतात, असे आपण कागदावर गुडघा काढून समजावलेत.

मग आपण मलेशियातील चाचणीचा २०१३ सालचा निबंध उघडलात. पन्नास रुग्ण, सर्वांची छिद्रे पाडण्याची तीच शस्त्रक्रिया. निम्म्यांना केवळ हायलुरॉनिक आम्ल (सांध्यातील वंगणासारखे द्रव्य), निम्म्यांना त्यासोबत स्वतःच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या मूलपेशी. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने सुरू करून दर आठवड्याला एक अशी पाच, आणि सहा महिन्यांनी आणखी तीन इंजेक्शने. मूलपेशी मिळालेल्यांची ऊती सूक्ष्मदर्शकाखाली आणि एमआरआयमध्ये सरस दिसली, हे आपण आधी सांगितलेत. त्यानंतर, दोन वर्षांनी रुग्णांच्या गुडघ्याच्या कामाचे गुण मोजले तेव्हा दोन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही, या वाक्यावर आपण पेन्सिल टेकवलीत. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ इंजेक्शनांनी बरे झाले, असे मी म्हणालो, तेव्हा 'त्यांचीही शस्त्रक्रिया झाली होती ना, आणि व्यायामही?' एवढेच आपण विचारलेत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तुलनेचा गट म्हणजे काय हे फळ्यावर अनेकदा लिहिले आहे, पण स्वतःच्या गुडघ्याच्या बाबतीत ते मला सुचले नव्हते.

निर्णय आपण माझ्यावरच सोपवलात आणि तीन प्रश्न लिहून दिलेत: पेशी कुठून घेणार, त्या मोजणार कशा, आणि हा उपचार नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे का. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा वापर चाचणीबाहेर करता येत नाही, हे आपण सांगितले होतेच. इंजेक्शने सुचवणाऱ्या त्या ठिकाणी जाऊन मी तिसरा प्रश्न विचारताच तिथल्या माणसाने दसऱ्याच्या सवलतीचा विषय काढला. मी चहा संपवून उठलो.

इंजेक्शने घेतली असती तर गुडघा याहून बरा झाला असता का, हे कोणीच सांगू शकणार नाही, आणि आपणही तसा दावा कधी केला नाही. आज पांडवलेण्याच्या पायऱ्या मी चढतो. उतरताना मात्र आधार लागतो. पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, खुर्ची मागावी लागते. ठेव मात्र शाबूत आहे आणि मुलीचा प्रवेश जूनमध्ये झाला.

यंदा फेरीला जाऊ का, या प्रश्नावर आपण दिलेला नकार मान्य आहे. सौ. फेरी पूर्ण करून येईपर्यंत मी कुशावर्तापाशी थांबेन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
गंगापूर रोडचा एक शिक्षक