रविवारपर्यंत फवारू नकोस

पुणे, ९ फेब्रुवारी

प्रिय नंदू,

परवा तू औषधाचं नाव विचारलंस आणि मी विषय बदलला. राग धरू नकोस. तुझ्या स्ट्रॉबेरीवर मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, आलाय, तसाच मागच्या वर्षी माझ्या भोरच्या वीस गुंठ्यांत आला होता. घाईने जहाल औषध मारलं. चार दिवसांत मावा गेला. पण पुढे ऊन तापलं आणि पानं तांबूस पडू लागली. उलटून पाहिली तर खाली बारीक जाळी, आणि भिंगातून दिसले पाठीवर दोन काळे ठिपके असलेले कोळी. घरातले कोळी नव्हेत, पानाचा रस शोषणारे बारीक कोळी. त्या औषधाने कोळ्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. मेले होते ते त्यांना खाणारे. उन्हात कोळ्याची पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते रे. अर्धा प्लॉट उपटावा लागला, त्याचं वाईट अजून वाटतं.

यंदा बांधाच्या कडेची कोथिंबीर आणि बडीशेप काढली नाही, फुलू दिली. त्या फुलांवर सिरफिड माशा येतात, क्रायसोपा नावाचा जाळीदार पंखांचा हिरवा किडा येतो. दोघांच्या अळ्या मावा खातात. पानांवर केसासारख्या धाग्याच्या टोकाला टेकलेलं अंडं दिसलं तर पुसू नकोस, ते क्रायसोपाचं. आणि काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी लांबट अळी दिसली तर ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची. तीही मावाच खाते. अशा कितीतरी अळ्या मी कीड समजून चिरडल्या होत्या! मुंग्यांवर मात्र नजर ठेव. माव्याचा गोड चिकटा मिळावा म्हणून त्या या मित्रकिडींना हुसकावतात.

थोडा मावा राहील, राहू दे. तो पार संपला तर ढालकिडा खाणार काय?

२००२ साली दादांच्या उसावर लोकरी मावा आला होता, आठवतं? फवारून फवारून लोक थकले होते. तो आटोक्यात आणला मावा खाणाऱ्या दोन मित्रकिडींनी: डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्यांनी आणि मायक्रोमसने. अळ्या असलेली पानं कापून लोक दुसऱ्याच्या फडात नेऊन ठेवत होते. युरोपात तर कोळ्यांवर कोळीच सोडतात. तो शिकारी कोळी १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर सापडला होता.

रविवारी स्वारगेटहून पहिल्या एसटीने वाईला येतो. भिंग आणतो. दोघं मिळून पानं उलटून बघू, मग काय ते ठरव. तोवर पंपाला हात लावू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर