आमच्याही काउंटरखाली एक सर्व्हर होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रांच्या सदरात एका पालकांचं पत्र वाचलं. त्यांच्या आठवीतल्या मुलानं गाव वसवायच्या मोबाइल गेमची 'प्रायव्हेट सर्व्हर'वाली फाइल कुठूनशी उतरवली. फुकटात हवे तितके हिरे मिळाले आणि चार दिवसांनी फोनवर भलत्यासलत्या जाहिराती नाचू लागल्या. त्यांची चीड रास्त आहे. पण शेवटी त्यांनी लिहिलंय की असे सर्व्हर चालवणारे सगळे चोर, सगळ्यांना पोलिसांनी उचलावं. ते 'सगळे' वाचलं आणि चहा तसाच राहिला. कारण त्या सगळ्यांत मीही येतो.

२००५ पासून सहा वर्षं नंदनवनात माझा सायबर कॅफे होता. अकरा कॉम्प्युटर, एक कूलर, तासाला पंधरा रुपये. दिवसा रेल्वेची तिकिटं आणि निकाल पाहणारे यायचे, संध्याकाळनंतर इंजिनिअरिंगचे पोट्टे. आधी काउंटर-स्ट्राइक १.६ या गोळीबाराच्या गेमचा जोर होता. ते आपसातल्या वायरींवर चालायचं, बाहेरच्या इंटरनेटची गरजच नव्हती. मग एका कोरियन गेमचं खूळ आलं. ती कंपनीच्या सर्व्हरवरच चालायची. आमची लाइन २५६ केबीपीएसची, तीत अकरा जण. राक्षसावर वार केला की तो लागला की नाही हे कळेपर्यंत आपलाच गडी मेलेला असायचा.

तेव्हा एका पोट्ट्यानं पेन ड्राइव्ह आणला. त्यात त्या गेमचा परदेशातल्या हौशी लोकांनी लिहिलेला सर्व्हर होता. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑनलाइन गेमचे दोन भाग असतात. चित्रं, नकाशे, आवाज हे आपल्या कॉम्प्युटरवर. कोणी कोणाला मारलं, कोणाच्या थैलीत काय आहे हा सगळा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर. हा दुसरा भाग कंपनी कोणाला देत नाही. हौशी मंडळी दोन्हींमधली देवाणघेवाण न्याहाळून हिशेबाचा भाग आपला आपण नव्यानं लिहितात. सावजीच्या खानावळीत जेवून मसाल्याचा अंदाज घेतला आणि घरी तसा रस्सा केला, तर त्याला कोणी चोरी म्हणत नाही. मात्र इथं रस्सा आपला असला तरी ताटं, वाट्या, पाट्या खानावळीच्याच असतात. खरी गोम तिथं आहे.

काउंटरखाली, गणपतीच्या फोटोच्या बरोबर खाली, एक जुना पेंटियम ४ ठेवला. त्याचं एका बाजूचं झाकण काढलेलं आणि समोर टेबल फॅन, कारण नागपूरचा मे. सर्व्हरची एक साधी मजकुराची फाइल होती. तीत १०० चे १००० केले की राक्षस मारल्यावर दुर्मिळ वस्तू दहापट वेळा मिळायच्या. देव होणं इतकं सोपं असतं हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. दोनशे रुपये रोख दिले की मी कोणालाही गेममधली तलवार द्यायचो. त्या तलवारींच्या पैशांतून कॅफेत दुसरा कूलर आला.

हे चूक होतं. आडपडदा न ठेवता लिहितो. कंपनीचं दुकान तेव्हा उघडं होतं, पैसे देऊन खेळायची सोय होती आणि मी तिच्याच ताटांत माझा रस्सा विकत होतो. 'लाइन स्लो होती' ही सबब सर्व्हर लावण्यापुरती कशीबशी चालेल, तलवारीला नाही.

माझा एक शाळूसोबती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. रविवारचं पत्र वाचून त्याला फोन लावला. तो म्हणाला, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम ही साहित्यकृती मानली आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी गेम आणि कादंबरी एकाच कपाटात. कलम ५२ मध्ये थोडी मोकळीक आहे: ज्याच्याकडे प्रोग्राम रीतसर आहे, त्यानं तो कसा चालतो हे पाहावं, अभ्यासावं, आणि स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवायला लागणारी माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल तर त्यातून काढावी. पण मूळ गेमची फेरफार केलेली प्रत वाटली की कलम ६३: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. २०१२ च्या दुरुस्तीनं ६५अ आलं. हक्कभंगाच्या इराद्यानं डिजिटल कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. नकली प्रत माहीत असून वापरणाऱ्यालाही ६३ब आहे, फक्त त्यात कमाईचा हेतू नसेल तर न्यायालय निव्वळ दंडावर सोडू शकतं. "तू मात्र कूलर घेतलास," असं म्हणून तो हसला.

अमेरिकेत तर याहून कडक झालंय. तिथं काही हौशींनी 'बीनेटडी' नावाचा सर्व्हर स्वतः लिहिला होता, पैसेही घेत नव्हते; २००५ मध्ये अपील कोर्टात हरले. येणाऱ्याची प्रत खरी की चोरीची हे त्यांच्या सर्व्हरला तपासता येत नव्हतं आणि गेम घेताना मान्य केलेल्या अटीही मोडल्या होत्या. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमचा सर्व्हर काढून त्यावर पैसे कमावणाऱ्या एका बाईंवर २०१० मध्ये ८ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई बसली. माझ्या तलवारींचा हिशेब त्या दरानं लावायची हिंमत होत नाही.

पण त्याच गेमची पुढची गोष्ट पाहा. 'नॉस्टॅलरियस' नावाचा फुकट सर्व्हर काही जण चालवत होते. गेम सुरुवातीच्या काळात जशी होती तशी, कारण कंपनीनं ते जुनं रूप मोडून टाकलं होतं. आठ लाखांवर खाती झाली होती. वकिलांचं पत्र आलं आणि एप्रिल २०१६ मध्ये तो बंद झाला. कायद्यानं कंपनी बरोबर होती. तरी त्याच कंपनीनं त्या मंडळींना चर्चेला बोलावलं आणि २०१९ मध्ये जुन्या रूपातली गेम स्वतःच बाजारात आणली. ज्यांना बंद करवलं, त्यांनीच गिऱ्हाईक आहे हे दाखवून दिलं होतं.

आता माझी दुसरी बाजू. चारेक वर्षांपूर्वी मुलीला वाढदिवसाला एका गेमची डिस्क घेऊन दिली, अडीच हजारांची. ती दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाबरोबर खेळायची, तो औरंगाबादला, ही इथं. दोन वर्षांत कंपनीनं सर्व्हर बंद केला. डिस्क घातली की 'जोडणी होऊ शकत नाही' एवढंच येतं. तक्रार केली तर उत्तर आलं: आपलं खातं सुरक्षित आहे, केवळ सेवा थांबवण्यात आली आहे. खातं सुरक्षित! ती डिस्क सध्या गच्चीवर पापडाजवळ दोरीला टांगली आहे, कावळे भितात.

हे माझ्या एकट्याच्या घरी झालं नाही. 'द क्रू' ही २०१४ ची मोटारींची गेम ३१ मार्च २०२४ ला अशीच बंद झाली. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी चालेना. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मागणी एवढीच: दुकान बंद करताय तर करा, पण विकलेली वस्तू चालू राहील अशी काही सोय ठेवून जा. आणि हे अशक्य नाही. 'सिटी ऑफ हीरोज' ही ऑनलाइन गेम २०१२ मध्ये बंद पडली, काही जणांनी ती लपूनछपून वर्षानुवर्षं जिवंत ठेवली, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीनंच 'होमकमिंग' या हौशी सर्व्हरला रीतसर परवाना दिला.

म्हणून रविवारच्या पत्रलेखकांना सांगायचंय, की तुमच्या मुलाला हिरे वाटणारा आणि बंद पडलेली गेम चार जणांसाठी चालू ठेवणारा यांना एका दोरीत बांधू नका. पहिला उघड्या दुकानासमोर बोगस माल विकतो आणि वर तुमच्या फोनमध्ये शिरतो. ती फाइल आजच काढा, फोन रीसेट करा, त्यात टाकलेला पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तोही बदला. दुसऱ्यासाठी मात्र आपल्या कलम ५२ मध्ये एक पोटकलम हवं: कंपनीनं सर्व्हर कायमचा बंद केला असेल, खेळणाऱ्यानं गेम विकत घेतलेली असेल आणि चालवणारा पैसा घेत नसेल, तर तो गुन्हा धरू नये. पैशाची अट मी मुद्दाम घालतोय. मोह कसा होतो ते मला ठाऊक आहे.

आणि सर्व्हर चालवणाऱ्या पोरांना एक विचारायचंय, बॅकअप घेता का? मी घेत नव्हतो. २००८ च्या मे महिन्यात लोडशेडिंग सुरू असताना इन्व्हर्टरची बॅटरी बसली, मशीन धाडकन बंद पडलं आणि हार्ड डिस्क गेली. सात महिन्यांची सगळ्यांची खाती त्यात होती. एका पोट्ट्यानं ९९ लेव्हल गाठली होती. संध्याकाळी तो येऊन स्टुलावर बसला. "भाऊ, काहीतरी निघते का पाहा ना." मी त्याला म्हटलं, "गेम हाये बे, पुन्हा खेळ." कंपनीचं ते 'खातं सुरक्षित आहे'वालं उत्तर वाचलं तेव्हा मला माझं हे वाक्य आठवलं. तो पुन्हा आला नाही.

ती हार्ड डिस्क अजून माझ्या खणात आहे. तो आता कुठं असतो माहीत नाही, नागपूरला घर असेल तर आपला पेपर येत असेल. माझं आता त्याच गल्लीत प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं यावं. डिस्कमधून काही निघणार नाही, पण त्यानं तलवार घेतली होती, ते दोनशे रुपये परत द्यायचे आहेत.

आपला,
एक माजी सायबर कॅफेचालक
नंदनवन, नागपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)