मित्रास पत्र : एका शब्दाविषयी आणि एका संस्काराविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

धाकट्या बहिणीच्या लग्नाची तिसरी आणि शेवटची घोषणा गेल्या रविवारी वसईच्या आमच्या चर्चमध्ये झाली आणि त्याच संध्याकाळी तुझे पत्र आले. विवाह हा संस्कार आहे असे बायबलात नेमके कुठे लिहिले आहे, हा तुझा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण पाचशे वर्षांपूर्वी इरॅस्मस हा डच विद्वान याच शब्दापाशी थबकला होता.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संत पौल पतिपत्नीच्या एकत्वाविषयी बोलताना 'मुस्तेरिऑन' हा ग्रीक शब्द वापरतो. लॅटिन बायबलात त्याचे 'साक्रामेंतुम', म्हणजे संस्कार, झाले आणि विवाहाच्या संस्कारपणाला त्या भाषांतराचा मोठा आधार मिळाला. आपले मराठी बायबल उघडून पाहा, तिथे 'रहस्य' असे आहे. इरॅस्मसने १५१६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ग्रीक नवा करार छापला, आणि एवढ्या एका शब्दावरून संस्कार सिद्ध होत नाही, हे आपल्या टिपांमधून दाखवून दिले. प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन लूथर १५२० साली त्यापुढे गेला व विवाह संस्कारच नव्हे असे म्हणाला. इरॅस्मसने मात्र चर्चची शिकवण सोडली नाही, आणि मला त्याचे मोल इथेच वाटते.

स्वतः संन्यासी, आणि एका धर्मगुरूचा विवाहबाह्य मुलगा असलेल्या या माणसाने १५२६ साली ख्रिस्ती विवाहावर मोठा ग्रंथ लिहून तो इंग्लंडची राणी कॅथरीन हिला अर्पण केला. पुढच्याच वर्षी तिचा पती आठवा हेन्री ते लग्न रद्दबातल ठरवण्याच्या खटपटीला लागला, हे आठवले की मन विषण्ण होते. शरीरांपेक्षा मनांचे ऐक्य हे विवाहाचे खरे मर्म, असे इरॅस्मस त्यात सांगतो, आणि म्हणूनच चोरून उरकलेल्या लग्नांवर तो कठोर टीका करतो. त्या काळी साक्षीदारांविना दोघांनी एकमेकांना दिलेला शब्दही लग्न म्हणून पुरेसा ठरे, आणि पुढे एकाने तो नाकारला की दुसऱ्याच्या हाती पुरावा उरत नसे. धर्मगुरू आणि साक्षीदार यांची अट कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली घातली.

काल रात्री स्वयंपाकघरात बहीण वचनाचा कागद हातात धरून 'सुखात आणि दुःखात' एवढेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि आईने भाकरी थापता थापता हात थांबवला होता. आमच्या परंपरेत हा संस्कार वधूवरच एकमेकांना देतात, धर्मगुरू केवळ चर्चच्या वतीने साक्षी असतो. तेव्हा लग्नाला नक्की ये, पुढच्या बाकावर बस, आणि त्या क्षणी फादरांकडे न पाहता त्या दोघांकडे पाहा.

तुझा,
जुना मित्र