वाघाच्या नकाशात सांबर आणि गवे पण दाखवा

मा. संपादक,
स. न.

व्याघ्र प्रकल्प हवा की नको यावर आपल्या गोव्यात एवढे वाद चाललेत की वाघाला राहण्याजोगं रान नक्की कुठे आहे आणि तिथे त्याला खायला काय आहे हे कुणी विचारतच नाही, त्याचा नकाशा काढत नाही. जुलै 2023 मध्ये हायकोर्टाने तीन महिन्यांत प्रकल्प जाहीर करा म्हटलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि गावात चर्चा एकच, आपली घरं जाणार का.

सॅटेलाइटच्या फोटोत सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या बागायती हिरव्या आणि म्हादई अभयारण्याचं जुनं रान पण हिरवंच. पण काजूखाली झाडझुडूप साफ केलेलं असतं, तिथे सांबर काय खाणार? एका वाघाला वर्षाला हरणाएवढी साधारण पन्नास जनावरं लागतात, म्हणजे आठवड्याला एक धरा. रानात सांबर, भेकर, डुक्कर, गवा कमी पडले की तो गुरांवर येणार आणि मग माणसं चिडणार. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्याच गोळावलीत चार वाघ मेले, त्याआधी तिथे वाघाने गुरं मारली होती, हे विसरू नका.

रानात लावलेल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ दिसला की बातमी होते, पण त्याच कॅमेऱ्यात गवे किती वेळा आले, सांबर किती वेळा, याचा हिशेब नकाशावर यायला पाहिजे, त्यावर डोंगराचा उतार, रस्ते, वाड्यांचं अंतर आणि मे महिन्यात कुठल्या ओहळाला पाणी राहतं ते घाला, तेव्हा खरं चित्र दिसेल. आणि जिथे कॅमेरा लावलाच नाही तिथे जनावर नाही असं कृपया धरू नका! बिबट्याचा नकाशा वेगळा काढा, तो वाड्यातल्या कुत्र्यांवर पण भागवतो, कोळसुंद्यांचं म्हणजे रानकुत्र्यांचं तसं नाही, त्यांना कळपाला पुरेल एवढी शिकार लागते.

कर्नाटकातली भीमगड, काळी आणि महाराष्ट्रातली तिळारी ही रानं आमच्या रानाला लागून आहेत, तेव्हा सीमेवरच्या चोर्ल्याला रेघ मारून नकाशा संपवू नका.

गवे कुठल्या पाणवठ्यावर उतरतात हे धनगरांना आणि रानात फिरणाऱ्या गावकऱ्यांना विचारा. आणि नकाशा तयार झाला की पंचायतीत मराठी-कोकणीत लावा, कुणाची बागायत आत येते आणि कुणाची बाहेर राहते हे लोकांना प्रकल्पाच्या घोषणेआधी कळू दे.

एक बागायतदार, वाळपई