बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या पोस्टातल्या काउंटरवरच्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीरपणे लिहितोय. देवरुखजवळच्या एका शाळेला बाबांची पुस्तकं पाठवायची म्हणून आई आणि मी आलो होतो. मागे रांग वाढत होती. तरीही तुम्ही ‘आत काय आहे?’ एवढ्यावर भागवलं नाहीत. वरचा कागद सोडायला लावलात आणि एकेक पुस्तक काढून पाहिलंत. मुखपृष्ठं वाचता वाचता तुम्ही गुजरातीवरून मराठीवर आलात, तशी आईची कळी खुलली.

पार्सलच्या दराने पैसे घेऊन तुम्हाला आम्हाला वाटेला लावता आलं असतं. तुम्ही ‘ज्ञान पोस्ट’बद्दल सांगितलंत. 1 मे 2025 पासून ही सेवा सुरू झाली आहे. पुस्तकांचं पुडकं 300 ग्रॅमपर्यंत असेल तर 20 रुपये, आणि 5 किलोपर्यंत गेलं तरी 100 रुपये, वर कर. शिकवण्या-वाचण्याची पुस्तकं लांब पाठवणाऱ्यांसाठी ही केवढी मोठी सोय आहे! सयाजीराव महाराजांच्या काळात याच मुलखात गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत. अशा शहरात तरी ही सेवा घरोघरी ठाऊक असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पण तुमचे खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी. गठ्ठ्यात तीन जुने दिवाळी अंक होते. ते तुम्ही बाजूला काढलेत, कारण नियतकालिकं या दरात बसत नाहीत. एका पुस्तकात आईने मुख्याध्यापकांसाठी चिठ्ठी ठेवली होती, तीही तुमच्या नजरेतून सुटली नाही. ‘खाजगी पत्र पुस्तकांबरोबर जात नाही हो काकू, याला वेगळं पाकीट करू,’ म्हणालात. काट्यावर ठेवून पाहिलंत, 20 ग्रॅमच्या आत भरलं, पाच रुपयांचं तिकीट लावायला दिलंत. आई जरा हिरमुसली होती. ‘दराचा घोळ झाला की निस्तरावा लागतो तिकडच्या माणसाला,’ हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तिला पटलं. तिच्या लहानपणी बेरंग पत्र आलं की पोस्टमन दारात थांबे आणि कमी पडलेल्या तिकिटाच्या दुप्पट पैसे घेऊनच पत्र हातात देई. महिनाअखेर असली की आजी नातेवाइकांच्या नावाने बोटं मोडायची. भेट म्हणून पाठवलेल्या पुस्तकांसाठी त्या शाळेला खिशात हात घालावा लागला असता, तर आम्हाला फार लागलं असतं.

मुख्याध्यापकांचा फोन आला. पुस्तकं पोचली, चिठ्ठीही पोचली, कुणाला एक पैसाही द्यावा लागला नाही. चिठ्ठी त्यांनी मुलांना वाचून दाखवली, हे ऐकून आईने तुमची आठवण काढली.

बाबांचं अजून एक कपाट रिकामं करायचं आहे. या वेळी अंक घरीच वेगळे काढतोय आणि प्रत्येक पुडकं 5 किलोच्या आत बसेल असं बांधतोय. दिवाळीआधी घेऊन येतो. आई म्हणते, त्याच ताईंच्या काउंटरला जायचं.

तुमचा,
दांडिया बाजारातला एक वाचक